उंदरांची येळवस

पिंजरा आणायचा नाही असं मी ठरवलं, तेव्हा आपण काही मोठं ठरवतोय असं मला वाटलं नव्हतं. खरं म्हणजे बाजारात गेलो होतो तो पिंजरा आणायलाच. नवी पेठेत भांड्यांच्या एका दुकानात तो टांगलेला होता. तारेचा, दाराला स्प्रिंग, आत भाकरीचा तुकडा अडकवायला आकडा. दुकानदारानं आकड्याला बोट लावून दार खट्कन पाडून दाखवलं आणि त्या आवाजासरशी माझ्या मनात काहीतरी हललं.

"हा तर तुरुंग आहे," मी म्हणालो.

"व्हय, उंदराचा," दुकानदार म्हणाला. "माणसाचा पायजे असंल तर तो सरकारकडं मिळतो."

मी तसाच परत आलो. (हेमावती म्हणते, मला बाजारात पाठवलं की मी पिशवी रिकामी आणतो आणि डोकं भरून आणतो.)

हेमावती म्हणजे माझी बायको. ती पहिल्या बाळंतपणाला दुधनीला माहेरी गेली होती आणि मुलगी चार महिन्यांची झाली तरी तिथंच होती. मुलीचं नाव मी 'क्रांती' सुचवलं होतं. बारशाला सगळ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि शरणम्मा ठेवलं.

मागच्याच रविवारी मी दोघींना आणायला गेलो होतो. दुधनीला सासऱ्यांचं, म्हणजे महादेवप्पांचं, धान्याचं अडत दुकान आहे. पुढं दुकान, मागं गोदाम, त्याच्या मागं घर. हेमावती पोत्यांच्या सावलीत मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीनं माझं बोट मुठीत धरलं. इतकी लहान मूठ, आणि तिच्यात एवढा विश्वास. त्या मुठीसाठी आपण अख्खं जग बदलू, असं मला वाटलं. हेमावतीची अपेक्षा त्याहून लहान होती.

"तुमच्या घरात उंदीर आहेत," ती म्हणाली.

"आपल्या घरात."

"मी तिथं असते तेव्हा आपलं. सध्या तुमचं. दुधाच्या वासानं येतात ते. झोपलेल्या बाळाची बोटं कुरतडतात."

"ऐकीव गोष्टी आहेत या."

"ऐकीवच राहू देत की. मला बघायच्या नाहीत." तिनं मुलीची मूठ माझ्या बोटावरून सोडवली. "गड्ड्याच्या जत्रेला मला सोलापुरात यायचंय. मुलीची पहिली संक्रांत आहे. त्याच्या आत घर साफ झालं तर कळवा. नाही तर मी इथंच बरी."

पोत्यांच्या पलीकडून महादेवप्पा बोलले, "पिंजरा लावा की, मास्तर. न्हाईतर मांजर पाळा. न्हाईतर औषध घाला."

"मामा, मी अर्थशास्त्र शिकवतो."

"मग?"

"चोरीचं मूळ भुकेत असतं. भूक मिटवली की चोरी आपोआप थांबते."

"उंदराची?"

"कुणाचीही."

महादेवप्पांनी गोदामाकडं एक नजर टाकली. "माझ्या हितल्या उंदरांना भूक कशाशी खात्यात ते ठावं न्हाई. तरी चोरत्यात."

"ती चोरी नाही मामा, साठेबाजी. ते त्यांनी परिस्थितीतून उचललंय."

महादेवप्पा अडत व्यापारी. त्या संध्याकाळच्या पॅसेंजरला मला सोडायला स्टेशनवर कुणी आलं नाही.

तर असा मी पिंजरा न घेता घरी आलो आणि खाटेवर पडून विचार करू लागलो. मांजर नको, कारण ते म्हणजे घरात पोलीस ठेवणं. औषध नको, कारण विष घालणं ही विचारांची दिवाळखोरी. उरला एकच मार्ग, वाटाघाटी. उंदीर घरात का येतो? बाहेर त्याला हक्काचं काही नाही म्हणून. बाहेर त्याला हक्काचं घर दिलं, हक्काचं धान्य दिलं, तर तो आपल्या कोनाड्यात कशाला शिरेल? हे इतकं सोपं होतं की आजवर कुणाला सुचलं कसं नाही, याचं मला दुःख झालं. (मला सुचणाऱ्या बहुतेक गोष्टींबद्दल मला हे दुःख होतं.)

आमचं घर एका अरुंद बोळात. दोन खोल्या आणि मागं थोडंसं परस, त्याला बोळातून वेगळी वाट. बोळाच्या पलीकडं, अगदी समोर, काशम्मांचं घर. त्या कडक भाकरी करून विकतात. बोळात शिरलं की ज्वारी भाजल्याचा खमंग वास येतो आणि मागोमाग कुठल्या तरी मागाची खटक-खटक. त्या वासात आणि त्या तालात माणूस चालता चालता स्वप्नात शिरतो. मी तर उभ्या उभ्या शिरतो. काशम्मांच्या घरी पिठाचे डबे, ज्वारीची पोती आणि दारात एक शेळी. शेळीसाठी कडबा असायचा. मी तिथं गेलो.

"अक्का, एक पेंडी कडबा देता?"

"शेळी घेतलास व्हय, तम्मा?" काशम्मा मला तम्मा म्हणतात, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ, आणि हेमावतीला तंगी, म्हणजे धाकटी बहीण.

"नाही. परसात छोटीशी खोप बांधायचीय. आत थोडं धान्य ठेवणार आहे."

काशम्मांचा भाकरी थापणारा हात थांबला. त्या माझ्याकडं अशा बघू लागल्या की मला वाटलं माझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय. मग त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"बायकू जवळ न्हाई. सोताचं शेत न्हाई. तरी तू इसरला न्हाईस," त्या म्हणाल्या. "ने, ने. दोन पेंड्या ने."

अहिंसेचा विचार एका साध्या बाईच्या काळजाला एवढा भिडावा, या आनंदात मी कडबा घेऊन परतलो. मी काय विसरलो नाही, हे विचारायला हवं होतं. पण मला समोरच्याचं पटलं की मी पुढचं ऐकत नाही. (न पटलं तरी ऐकत नाही, पण ते वेगळं.)

खोप छान झाली. कडब्याची ताटं उभी करून वर शेंडे बांधले. वाऱ्यानं पडू नये म्हणून बुडाशी पाच धोंडे लावले. आत ज्वारी, शेंगा आणि गुळाचा खडा ठेवला. मग तिथंच उन्हात खाट ओढून आडवा झालो. थंडीतलं सोलापूरचं ऊन दुपारी अंगावर जुन्या चादरीसारखं पडतं, ऊबदार आणि विरलेलं. माग चालू होते. मला डुलकी लागली.

स्वप्नात उंदीर ओळीनं घराबाहेर पडत होते. भांडण नाही, घाई नाही. पोरांना पाठीशी घेऊन, आपापलं सामान तोंडात धरून. पुढचा म्हातारा उंदीर माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, आम्ही वर्षानुवर्षं वाट बघत होतो, कुणीतरी असं विचारील याची. मी म्हणालो, यात माझं काही मोठेपण नाही. तो म्हणाला, आहे. मी आणखी एकदा नाही म्हणणार होतो, म्हणजे तो आणखी एकदा आहे म्हणाला असता. तेवढ्यात ओल्या चुन्याचा वास आला आणि मी जागा झालो.

काशम्मा खोपीसमोर बसून माझ्या पाच धोंड्यांना चुना लावत होत्या. त्यांचे यजमान नागप्पा शेजारी उभे राहून कुठं राहिलं ते बोटानं दाखवत होते. नागप्पा गिरणीतून रिटायर झालेले. तेव्हापासून ते वाद घालायला पूर्ण वेळ मोकळे असतात.

"अक्का, हे काय करताय?"

"पांडव नको का उजळाया? उद्या येळवस."

मी खाटेवर उठून बसलो. वेळ अमावास्या. आमच्याकडं त्या दिवशी सगळे शेतात जातात, कडब्याची खोप करतात, तिच्यात पाच धोंडे चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, पूजा करतात आणि रानात चारी बाजूंना अन्न शिंपतात. त्याला चरगा म्हणतात. मी गिरणीच्या चाळीत वाढलो. शेत नसलेल्या माणसाची येळवस म्हणजे दुसऱ्यानं शेतातून आणून दिलेली मिसळभाज्यांची भज्जी. ती आली की खायची, एवढंच मला माहीत. आणि आता मी अमावास्येच्या आदल्या दिवशी कडब्याची खोप बांधली होती, बुडाशी धोंडे मांडले होते आणि तेही नेमके पाच.

"अक्का, गैरसमज होतोय," मी म्हणालो. "ही खोप उंदरांसाठी आहे."

"व्हय की."

"म्हणजे खरोखरच्या उंदरांसाठी. त्यांनी यातलं खावं म्हणून."

"मग चरगा आणि कशासाठी असतंय?" काशम्मांनी चौथ्या धोंड्यावर विभूतीची बोटं ओढली. "किडामुंगी, पाखरं, उंदरं, समद्यांनी खावं. त्यास्नी त्यांचं दिलं म्हंजी ते आपलं खात न्हाईत. माझी आज्जी सांगायची."

माझा सिद्धांत काशम्मांच्या आज्जीनं आधीच मांडून ठेवला होता, हे ऐकून मला जरासं उतरल्यासारखं झालं.

"पण अक्का, यात देव नाही."

"देव कुटं म्हणालो आमी? पांडव हाईत."

नागप्पा हसले. "प्रोफेसर, तुमी कम्युनिस्ट हाईसा म्हणत हुता की."

"समाजवादी."

"तेच ते. पर खोप झ्याक बांधलासा."

मी आणखी बोलणार होतो. पण मी जे जे बोलत होतो ते ते काशम्मा मान डोलावून मान्य करत होत्या, आणि मान्य करणाऱ्याशी वाद कसा घालायचा हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बोळातल्या बायका माझ्या परसात येऊ लागल्या. बोळातल्या निम्म्या घरांची शेतं अक्कलकोट-दुधनीकडं, भावकीच्या ताब्यात. दरवर्षी जाणं कुणाला जमायचं नाही. घराशेजारी खोप मिळाली म्हणताना सगळ्यांचाच जीव निवला. कुणी ज्वारीचे उकडलेले उंडे आणले, कुणी भज्जी, कुणी मडक्यातून आंबील, कुणी शेंगापोळ्या. खोपीभोवती अन्न शिंपलं गेलं. उरलेल्या टोपल्या खोपीत राहिल्या. दुष्काळ सरून वर्षही झालं नव्हतं. रेशनच्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी चावून ज्यांचे दात दुखले होते, तीच माणसं आज हात सैल सोडून मातीला घास देत होती. मी विचारानं नास्तिक असूनही माझा गळा भरून आला. (भज्जीही घशाशी आली होती. मला प्रत्येक घरानं वाढलं.)

आणि खरी गंमत पुढंच आहे. अन्न सकाळपर्यंत साफ झालं आणि माझ्या घरात शांतता पसरली. कोनाड्यात खुडबुड नाही, पत्र्यावर धावपळ नाही, माझ्या लेक्चरच्या टिपणांना नवे दात नाहीत. मी खोल्यांतून हिंडलो. घर अंघोळ करून बसल्यासारखं स्वच्छ वाटत होतं. उंदीर खरोखरच बाहेर गेले होते.

मग मी वेळ घालवला नाही. काचा कुटल्या, सिमेंटमध्ये कालवल्या आणि घरातलं एकेक बीळ, एकेक फट बुजवून टाकली. मोरीला जाळी बसवली. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली. ही भिंत नव्हती, दोन स्वतंत्र राष्ट्रांमधली सीमारेषा होती. मग कॉलेजच्या ऑफिसातून दुधनीच्या अडत दुकानाला ट्रंक कॉल लावला.

"मामा, उंदीर गेले."

"कुटं?"

"परसात."

"कशाला?"

"जेवायला."

मग महादेवप्पांनी बाजूला कुणाला तरी सांगितलं, "घरात न्हाईत म्हणत्यात." आणि मग हेमावतीचा आवाज, लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. "खरं सांगताय?"

"अगदी खरं."

"मग पाळणा टांगून ठेवा. आम्ही संक्रांतीच्या आधी येतो."

मी पाळणा टांगला. तिच्या एका मऊ जुन्या लुगड्याची घडी आत अंथरली. रिकामा पाळणा हलवून बघितला आणि बराच वेळ हलवत राहिलो.

इकडं खोपीचा नावलौकिक वाढत चालला होता. येळवस संपली तरी बायका थांबल्या नाहीत, कारण सगळ्या बोळातले उंदीर हळूहळू माझ्या परसात राहायला आले होते. काशम्मांचा पिठाचा डबा रात्रभर उघडा राहिला तरी त्याला तोंड लागलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी भाकरी न्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगितली. मग पुढच्या बोळातून बायका आल्या. त्यांचेही उंदीर मागोमाग आले असावेत. रोज कुणी ना कुणी टोपली ठेवून जायचं. मला आता सगळे, एखाद्या साधूला म्हणावं तसं, शिवयोगी अण्णा म्हणत. बायका वाटेत पदर सावरून बाजूला व्हायच्या. मी हे थांबवायला हवं होतं. पण डोळे मिटले की मला प्रत्येक पेठेत एक खोप दिसायची. पुढं प्रत्येक शहरात. साऱ्या देशात कुणी उपाशी नाही, म्हणून कुणी चोर नाही, म्हणून कुठंच कुलूप नाही. त्या सगळ्याच्या मधोमध मी, साध्या खादीच्या सदऱ्यात, नको नको म्हणत उभा.

हेमावती यायच्या आदल्या संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तर परसात खोप नव्हती. पाच पांढरे पांडव उघड्यावर उभे होते आणि त्यांच्या मध्ये काशम्मांची शेळी कडब्याचं शेवटचं ताट चघळत होती. तिनं अख्खी खोप खाल्ली होती. टोपल्यांना मात्र तोंड लावलं नव्हतं. अंधारून येत होतं, गार वारा सुटला होता आणि त्या टोपल्या, उंड्यांनी आणि पोळ्यांनी भरलेल्या, वर फडकी झाकलेल्या, तशाच उघड्यावर होत्या.

अन्न वाया घालवणं मला जमत नाही. मी एकेक टोपली उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली. सकाळी वाटून टाकू म्हटलं. टोपल्या जरा जड लागल्या. फडकं मधूनच हलल्यासारखं वाटलं, ते मी वाऱ्यावर घातलं. सगळ्या आत आल्यावर परसाचं दार घट्ट लावून घेतलं आणि पट्टीला फट राहिली नाही ना, तेही वाकून पाहिलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली. कुठून तरी बारीक बारीक पावलं वाजत होती. मला वाटलं, माझ्या मुलीचे वाळे.

सकाळी अंधारातच उठलो, चाचपडत कपडे घातले आणि स्टेशनवर गेलो. गाडी उशिरा आली. महादेवप्पांच्या डोक्यावर पिवळा पटका, हातात शेंगांची पिशवी. हेमावतीनं मुलीला कुंची घातली होती. टांग्यातून येताना मी त्यांना सिद्धांत समजावून सांगितला. महादेवप्पा घोड्याकडं बघत होते. पण हेमावतीनं मधे एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत थोडासा अभिमान होता. मी शपथेवर सांगतो, होता.

काशम्मा आणि नागप्पा भाकरतुकडा ओवाळायला दारातच उभे होते. मी कुलूप काढलं आणि दार लोटलं.

ते सगळं सांगताना अजूनही मला धड शब्द सापडत नाहीत. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात, जमिनीवर, खाटेवर, कोनाड्यांत, माझ्या पुस्तकांवर उंदीर बसले होते. धावत नव्हते. बसले होते. एक जण पुढचे पाय जोडून शेंगापोळी खात होता. आमच्याकडं त्यांनी मान वळवून पाहिलं, जसं लग्नाच्या पंगतीत बसलेले लोक उशिरा आलेल्यांकडं पाहतात. दार उघडं असूनही बाहेर जायची कुणालाही घाई नव्हती.

महादेवप्पांनी चपला काढल्या नाहीत. ते व्यापारी नजरेनं आत हिंडले. भिंतीच्या बुडाशी वाकून सिमेंटवर नख मारून पाहिलं, मोरीची जाळी ओढून पाहिली, दाराखालच्या पट्टीवर पाय दाबला.

"काम लई पक्कं केलासा, मास्तर," ते म्हणाले. "भाईर जायाला एक बी वाट ठिवली न्हाई बिचाऱ्यांना."

हेमावती मुलीला छातीशी धरून पाळण्यापाशी गेली. मी मागोमाग गेलो. तिच्या जुन्या लुगड्याच्या घडीत, मधोमध, कापूस कुरतडून केलेल्या एका वाटीत उंदराची पिल्लं झोपली होती. गुलाबी, डोळे मिटलेली, शेंगदाण्याएवढी. क्षणभर मला ती फार सुंदर वाटली. तसं मी म्हणालोसुद्धा.

"आहेत खरी," हेमावती म्हणाली. "यांचंही नाव तुम्हीच सुचवा." आणि ती मुलीला घेऊन बाहेर गेली.

मी धावत दारात आलो. ती टांग्याकडं निघाली होती. टांगेवाल्यानं लगाम हातात घेतला होता. महादेवप्पा शेंगांची पिशवी घेऊन परत टांग्यात बसले होते. दुधनीची गाडी दुपारची होती आणि एकदा त्या गाडीत बसली की ती शिमग्यापर्यंत येत नाही, हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. मी म्हणालो, "हेमा, मला दोन दिवस दे." ती थांबली, पण वळली नाही.

तेव्हा काशम्मा पुढं झाल्या. त्यांनी तिच्या हातातून सरळ मुलगी घेतली.

"दुधनीला कशाला जातीस, तंगी? माझ्यात ऱ्हा. माझ्या घरात एक उंदीर न्हाई. औषधाला न्हाई. तम्मानं समदं आपल्याकडं घेतलं की."

हेमावतीनं समोरच्या घराकडं पाहिलं. महादेवप्पा टांग्यातून उतरून पलीकडं गेले, काशम्मांच्या पोत्यांमागं बघितलं, पिठाच्या डब्यात बोट घालून आले आणि मुलीकडं बघून मान हलवली. "ऱ्हावा," ते म्हणाले. "गोदामापरीस सोच्च हाय."

माझा जीव भांड्यात पडला. मी घराला कुलूप घातलं आणि त्यांच्या मागोमाग बोळ ओलांडू लागलो. नागप्पा उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

"तुमी कुटं, प्रोफेसर?"

"माझी बायको-मुलगी इथं आहेत. मीही इथंच राहतो थोडे दिवस."

"आन त्यांचं कोण बघणार?" त्यांनी माझ्या घराकडं बोट केलं.

"त्यांचं काय बघायचं?"

"पोटाचं. तुमीच म्हणालासा, चोरीचं मूळ भूक. आता त्यांच्या टोपल्या संपणार. संपल्या की सिमेंट कुरतडून निघणार. निघालं की पयलं घर कुणाचं? आमचं. आन आमच्यात आता कोण हाय?"

आतून माझ्या मुलीचा हुंकार ऐकू आला.

नागप्पा इतकी वर्षं माझ्याशी वाद घालत होते आणि एकदाही जिंकले नव्हते. आज ते माझ्याच सिद्धांतावर उभे राहून जिंकत होते आणि त्यात मला कुठं तडा सापडेना. मी हेमावतीकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "बरोबर बोलतात ते," आणि दुरडीतल्या कडक भाकरी काढून माझ्या हातावर ठेवल्या. मला वाटलं, माझ्यासाठी. "त्यांना थोड्या भिजवून घाला," ती म्हणाली, "नाही तर दात लावायची सवय होईल."

आता आमचं असं चालतं. कॉलेजातून आलो की मी मागच्या खोलीत भाकरी कुस्करतो. मग पुढच्या पायरीवर येऊन बसतो. ऊन उतरतं, माग चालू असतात, भाजक्या ज्वारीचा वास बोळभर पसरतो. समोरच्या पायरीवर हेमावती मुलीला घेऊन बसते. बोळ इतका अरुंद की तिचे नवे दात मला इथून दिसतील, आले की. हेमावती तिचा हात धरून माझ्या दिशेनं हलवते. माझ्या पाठीमागं घरात खुडबुड चालू असते, पण एकही उंदीर उंबरा ओलांडत नाही. माझा सिद्धांत खरा ठरला आहे. आमच्या बोळात चोरी नाही, भूक नाही, भीती नाही. डोळे अर्धवट मिटले तर मी पाहिलेल्या स्वप्नापेक्षा हे काही फार वेगळं नाही, फक्त त्यात मी पलीकडच्या पायरीवर बसलेलो असायचो.

गड्डा झाला, संक्रांत झाली, आणि महादेवप्पा दुधनीला निघाले. निघताना ते मुद्दाम बोळ ओलांडून माझ्याकडं आले. दारातून आत डोकावून सगळं नीट पाहिलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"तुमची कॉलेजातली नोकरी टेंपरवारी का पक्की, ते मला आजपतूर कळलं न्हाई," ते म्हणाले. "लई घोर हुता जिवाला. पर ही आता पक्की बघा."